व्हीसीला बसण्यापूर्वी

परभणीहून वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यावर हट्टा हे गाव लागते. गावात पोलीस ठाणे असल्यामुळे फिर्याद नोंदवण्यापुरते सरकार जवळच आहे. परंतु फिर्यादीचा खटला उभा राहिला म्हणजे त्याचा प्रवास वसमतच्या न्यायालयाकडे, तेथून हिंगोलीकडे, आणि प्रकरण अपिलात गेलेच तर दोनशेएक किलोमीटरांवरच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे सुरू होतो, आणि कागदांच्या मागोमाग माणसांनाही चालावे लागते. ज्याने बांधावर उभे राहून केवळ दुसऱ्यांचे भांडण पाहिले, अशा साक्षीदाराला समन्स येते. तो सकाळची एसटी धरतो, न्यायालयाच्या आवारात पुकाऱ्याची वाट पाहत बसतो, आणि दुपारी कोणा वकिलाच्या गैरहजेरीमुळे किंवा आरोपीला तुरुंगातून आणण्यास बंदोबस्त न मिळाल्यामुळे पुढची तारीख घेऊन घरी परततो. हळद शिजवण्याच्या दिवसांत अशी एक पेशी म्हणजे घरचा बॉयलर दुसऱ्याच्या हवाली करून जाणे होय. या माणसाने न्यायालयाच्या परवानगीने, ठरवून दिलेल्या जवळच्या ठिकाणी संगणकासमोर बसून साक्ष दिली तर चालेल काय, या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर आता ‘चालेल’ असे आहे; ती साक्ष ऐकू येईल काय, चेहरा दिसेल काय आणि मधेच तुटणार नाही ना, याचे उत्तर मात्र त्या खोलीतल्या सामग्रीपाशी आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय ती सामग्री हाच आहे.

कायद्याच्या अंगाने वाट मोकळी झाली ती महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यातील एक महत्त्वाचे साक्षीदार न्यूयॉर्कचे डॉक्टर होते. ते भारतात येण्यास राजी नव्हते, मात्र दूरदृश्य प्रणालीवरून, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवरून (बोलीत ‘व्हीसी’), साक्ष देण्याची त्यांची तयारी होती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७३ व्या कलमाप्रमाणे पुरावा आरोपीच्या, किंवा त्याला हजेरी माफ असल्यास त्याच्या वकिलाच्या, समक्ष घ्यावा लागे. पडद्यावर दिसणारा साक्षीदार समक्ष आहे असे धरता येईल काय, यावर मुंबई उच्च न्यायालयाचा कौल नकाराचा पडला, आणि १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. (पुढे २०१३ साली त्याच खटल्यात डॉ. देसाई सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटले, हे येथे सांगून ठेवणे न्यायाचे होईल.) त्या काळी मुंबईत अशी सोय विदेश संचार निगमाकडे होती, म्हणून साक्ष घ्यायची तर न्यायालयानेच निगमाच्या दारी जावयाचे, असा तो जमाना होता. आज तीच सोय वसमतच्या बाजारात मिळणाऱ्या संगणकावर होते, एवढे अंतर दोन दशकांत तुटले आहे.

२०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत सगळी इजलासे ओस पडली असता, सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या न्यायालयांना या प्रणालीचा अवलंब करण्याचे निर्देश दिले. त्याच वर्षी न्यायालयाच्या ई-समितीने एक आदर्श नियमावली तयार केली, तिच्या धर्तीवर मुंबईसह उच्च न्यायालयांनी आपापले नियम केले. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५३० व्या कलमाने खटल्याची कार्यवाही इलेक्ट्रॉनिक साधनांनी चालवण्यास सरळ मुभा दिली. ई-समितीच्या नियमावलीत न्यायालयाच्या बाजूला आणि दूरच्या बाजूला कोणती सामग्री असावी याची एक यादी दिली आहे, ती सर्वसामान्य वाचकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. तीत इंटरनेट असलेला संगणक किंवा तत्सम यंत्र, प्रिंटर, कॅमेरा, मायक्रोफोन व स्पीकर, पडदा, कागदपत्र दाखवण्याचे यंत्र आणि फायरवॉल ही अपेक्षित नावे येतातच. परंतु त्यांच्याच पंक्तीला वीज खंडित न होऊ देणारे साधन, खाजगीपणा राखणारी बैठक, पुरेसा उजेड आणि शांत व सुरक्षित जागा यांनाही बसवले आहे. नियम करणारांनी येथे फार शहाणपणा दाखवला असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ग्रामपंचायत असो, शाळा असो किंवा एखादे सेवा केंद्र असो, खरेदीची वेळ आली की पहिला आणि मोठा पैसा संगणकावर पडतो, उरलेला कॅमेऱ्यावर, आणि विजेसाठी, आवाजासाठी, उजेडासाठी काहीच शिल्लक राहत नाही. वास्तविक घोडे जेथे अडते त्या क्रमाने पाहिले तर ही यादी बरोबर उलटी वाचली पाहिजे.

संगणकाला मिळणारा हा मान जुन्या काळचा आहे, आणि त्या काळी तो रास्तही होता. दूरच्या माणसाचे चित्र तारेवरून आणण्याचा ध्यास जुना. अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात चित्र दाखवणारा टेलिफोन मांडला आणि १९७० साली पिट्सबर्ग शहरात त्याची सेवा सुरू केली, पण त्याचा खर्च पेलणारे गिऱ्हाईक मिळेना, म्हणून ती गुंडाळावी लागली. टेबलावरच्या संगणकाला हे काम जमू लागले ते १९९० नंतर. कॉर्नेल विद्यापीठात १९९२ साली सीयू-सीमी हा प्रोग्राम मॅकिन्टॉशसाठी तयार झाला. १९९४ साली कनेक्टिक्स कंपनीचा क्विककॅम नावाचा कॅमेरा आला, तो कृष्णधवल चित्र देई आणि त्याची किंमत शंभर डॉलरच्या आसपास होती. त्याच वर्षी इंटेलने प्रोशेअर ही सामग्री विकायला काढली, तिला संगणकात बसवायची खास कार्डे आणि सेकंदाला १२८ किलोबिट वाहून नेणारी आयएसडीएन लाइन लागे. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले तेच १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही टेलिफोनच्या तारेवरून. अशा दिवसांत सारा भरवसा संगणकाच्या ताकदीवर असे. यंत्र कमजोर असेल तर समोरच्याचे ओठ हलून गेल्यावर शब्द ऐकू येत आणि मान वळली की चेहऱ्याचे चौकोनी तुकडे होत.

संगणकाला एवढी ताकद का लागते, हे एका हिशेबाने ध्यानात येईल. आज ज्याला साधारण चांगले चित्र म्हणतात त्यात आडवे १२८० आणि उभे ७२० असे मिळून ९ लाख २१ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट धरले आणि सेकंदाला ३० चित्रे धरली, तर एका सेकंदाला ६६ कोटींहून अधिक बिट होतात. एवढा ओघ गावातल्या कोणत्याही घरगुती जोडणीत मावणार नाही. प्रत्यक्षात तेच चित्र सेकंदाला सुमारे बारा ते पंधरा लाख बिटांत पोहोचते, म्हणजे पाचशे भागांतला एखादाच भाग रस्त्याने जातो. मागची भिंत, कपाट, कॅलेंडर हे एका चित्रातून दुसऱ्या चित्रात बदलत नाही, म्हणून ते पुन्हा पाठवायचे नाही. हात हलला तर तो कोणीकडे सरकला तेवढेच कळवायचे. आणि डोळ्याला सहसा जाणवत नाही असा बारकावा गाळून टाकायचा. हे सगळे गणित बोलणाऱ्याच्या संगणकाने सेकंदात तीस वेळा करावयाचे आणि ऐकणाऱ्याच्या संगणकाने तितक्याच वेळा उलट सोडवावयाचे. १९९० साली ठरलेल्या एच.२६१ पासून २००३ च्या एच.२६४ पर्यंत या गणिताचे जागतिक मानदंड होत गेले, आणि २०११ पासून इंटेलने आपल्या प्रोसेसरमध्येच या कामाचा स्वतंत्र विभाग बसवण्यास सुरुवात केली. तेव्हापासून संगणकाची चिंता बरीचशी मिटली.

म्हणून संगणकाविषयी फार बोलण्याचे कारण नाही. गेल्या आठ-दहा वर्षांतला, निदान दोन गाभ्यांचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असलेला कोणताही संगणक व्हीसीला पुरतो. ८ जीबी असेल तर शेजारी कागदपत्रे उघडी ठेवूनही तो दमत नाही. जुने यंत्र धापा टाकू लागले तर पाठीमागे समुद्रकिनारा किंवा पुस्तकांचे कपाट दाखवणारी कृत्रिम पार्श्वभूमी आधी बंद करावी, कारण माणसाची आकृती भिंतीपासून क्षणोक्षणी कापून काढण्याचे ते काम चित्र पाठवण्याइतकेच जड असते, आणि न्यायालयासमोर समुद्रकिनारा शोभतही नाही. आपल्या मुलुखात संगणकाला खरा शत्रू आहे तो धूळ आणि ऊन. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, हळदीला पॉलिश करणारे ड्रम फिरू लागले की पिवळी भुकटी हवेत तरंगते, जिनिंगच्या बाजूला सरकीचे तंतू उडतात, आणि हे सर्व संगणकाच्या पंख्यात जाऊन बसते. प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते नेटच मंद आहे. वर्षातून दोनदा, हंगामापूर्वी व हंगामानंतर, संगणक बंद करून पंखा फुंकून साफ केला तर नवे यंत्र घेण्याचा खर्च कित्येकदा टळतो.

विजेचे तसे नाही. भारनियमन मराठवाड्याच्या पाचवीलाच पुजलेले, आणि आता ते पूर्वीइतके नसले तरी वळवाच्या पहिल्या वाऱ्याबरोबर लाइट जाणे हा शिरस्ता कायम आहे. त्यातही गावठाणातले घर आणि शेतावरचा आखाडा यांत महदंतर: शेतीपंपांच्या फीडरला वीज पाळीपाळीने मिळते, तेव्हा आखाड्यावरून साक्ष देण्याचा बेत कोणी करू नये. टेबलाखाली ठेवण्याचा साधा ६०० व्हीएचा यूपीएस डेस्कटॉप आणि पडदा यांना दहा-पंधरा मिनिटे तगवतो, एवढ्या अवधीत संगणक नीट बंद करता येतो, उलटतपास पुरा होत नाही. घरात १५० अँपिअर-अवरची बॅटरी असलेला इन्व्हर्टर असेल तर तीत १८०० वॉट-अवर वीज साठते. झीज आणि गळती वजा जाता दीडशे वॉटच्या डेस्कटॉपला ती अर्धा दिवस सहज पुरावी. परंतु इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला बहुधा एक छोटे बटण असते, त्यावर यूपीएस असे लिहिलेले असते, आणि ते बटण त्या बाजूला नसेल तर लाइट जाऊन बॅटरी चालू होण्याच्या मधल्या क्षणात पंखा फिरतच राहतो, संगणक मात्र बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. हे बटण पाहिलेला गृहस्थ विरळा. दुसरे असे की, संगणकाला बॅटरीचा आधार देणारी मंडळी भिंतीवरचा राउटर आणि फायबरची डबी विसरतात. लाइट गेल्यावर संगणक ऐटीत चालू असतो आणि रस्ताच नाहीसा होतो. या दोन्ही डब्यांना वीज फार थोडी लागते. त्यांच्यासाठी मिळणारा छोटा स्वतंत्र यूपीएस त्यांना काही तास चालवतो, आणि एवढ्या थोड्या पैशांत एवढी निश्चिंती देणारी दुसरी वस्तू या साऱ्या सामग्रीत नाही. लॅपटॉप हा स्वतःची बॅटरी घेऊनच जन्मतो, म्हणून आपल्याकडे डेस्कटॉपपेक्षा तो श्रेयस्कर, असे स्पष्ट मत द्यावयास हरकत नाही.

आता रस्ता. जाहिरातीत शंभर, दोनशे असे जे आकडे असतात ते आपल्याकडे येणाऱ्या ओघाचे, म्हणजे डाउनलोडचे. साक्ष देणाराचे काम अपलोडवर चालते. त्याचा चेहरा आणि आवाज त्याच्याकडून बाहेर जायचा असतो. मोबाइलवर व जुन्या टेलिफोन-तारेच्या ब्रॉडबँडवर हा बाहेर जाणारा ओघ आत येणाऱ्यापेक्षा बराच बारीक असतो, फायबरवर तो बहुधा जवळजवळ समसमान मिळतो. चांगल्या चित्रासाठी बाहेर जाणारे निदान दीड-दोन मेगाबिट हाताशी हवेत, आणि गती तपासताना दुसरा आकडा पाहण्याची सवय हवी. मोबाइलच्या डेटावर बसणाराने आणखी एक हिशेब करावा: सेकंदाला १.२ मेगाबिट जाणारे आणि तितकेच येणारे धरले तर तासाला साधारण एक जीबी खर्ची पडतो. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर सरतपासणी होईल आणि उलटतपास ऐन रंगात येता येता पॅक संपेल. देशातल्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली, तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली गेली. जेथे ती तार प्रत्यक्ष जिवंत आहे अशा ग्रामपंचायतीची खोली ही घरच्या हॉटस्पॉटपेक्षा शतपट बरी.

केवळ गतीच्या आकड्याने मात्र फसू नये. आवाज आणि चित्र छोट्या छोट्या पाकिटांच्या रूपाने जातात, ती ठरावीक अंतराने निघतात, पण वाटेत गर्दी लागली म्हणजे दर दहा मिनिटांनी सुटणाऱ्या एसटी गाड्या जशा तासभर दिसत नाहीत आणि मग एकामागोमाग तीन येऊन उभ्या राहतात तशी त्यांची गत होते. पाहायचा सिनेमा आधीच थोडा साठवून ठेवता येतो म्हणून त्याला हा खोळंबा बाधत नाही. बोलणे आधी साठवता येत नाही. एका बाजूचा शब्द दुसऱ्या बाजूला पोहोचण्यास दीडशे मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या सातव्या हिश्श्याच्या आत, वेळ लागला तर संभाषण सहज वाटते, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. चारशेच्या पुढे दोन्ही माणसे एकदमच बोलू लागतात, मग दोघेही थांबतात आणि पुन्हा एकदम बोलतात. पृथ्वीपासून सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहामार्गे जाणारा शब्द एकेरी वाटेलाच पाव सेकंद खातो. फायबरमधून मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या प्रकाशाला त्याच्या निम्म्याहून कमी वेळ पुरतो. हट्ट्याहून वसमतला साक्ष देताना अंतराचा प्रश्नच नाही. खोळंबा होतो तो शेवटच्या पन्नास फुटांत, राउटर आणि संगणक यांच्यामध्ये, जेथे भिंतीपलीकडे कोणीतरी त्याच वायफायवर क्रिकेटचा सामना पाहत असते. दोहोंच्या मध्ये साधी लॅनची केबल टाकली, तर निम्म्या तक्रारी त्या दिवशीच संपतात.

आवाजाकडे वळताना मात्र हात राखून बोलण्याचे कारण नाही, कारण व्हीसी म्हणजे मुख्यतः आवाज होय. चित्र क्षणभर थिजले तर काम चालू राहते. आवाज क्षणभर तुटला तर काम थांबते, किंवा त्याहून वाईट म्हणजे, चुकीचे चालू राहते. मराठी वाक्यात नकार शेवटी येतो. ‘मी त्याला त्या रात्री विहिरीजवळ पाहिलं नाही’ हे वाक्य बोलताना साक्षीदाराचा आवाज शेवटाकडे पडतो, तो बिचकलेला असला म्हणजे तर पडतोच पडतो, आणि नेमका तेवढाच शेवट गाळला गेला तर साक्ष उलटी नोंदवली जाण्याचे भय उभे राहते. येथे गोंगाट गाळणारी संगणकी युक्तीही कधी घात करते. पंख्याची घरघर आणि माणसाचे पुटपुटणे यांतला भेद तिला नेहमीच कळतो असे नाही. यावर उपाय महागडा मायक्रोफोन हा नव्हे, जवळचा मायक्रोफोन हा आहे. तोंड आणि मायक्रोफोन यांतले अंतर निम्मे केले की पोहोचणारी ध्वनिशक्ती चौपट होते, खोलीतला गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. लॅपटॉपच्या पोटातला मायक्रोफोन दोन फुटांवर असतो. तारेच्या हेडसेटचा, ओठांपासून दोन बोटांवर. त्याच हेडसेटमुळे दुसरी एक व्याधी समूळ जाते: स्पीकरमधून आलेला न्यायाधीशांचा आवाज आपल्याच मायक्रोफोनमध्ये शिरून त्यांच्याकडे प्रतिध्वनी होऊन परत जात नाही. संगणकात प्रतिध्वनी मारण्याची सोय असते, आणि ती बरीचशी कामही करते, पण एकाच खोलीत दोन फोन आणि एक संगणक एकाच व्हीसीत जोडून बसणाऱ्या उत्साही मंडळींपुढे तिचेही काही चालत नाही. न्यायालयाने कोणी सांगत तर नाही ना हे तपासण्यासाठी कान उघडे ठेवण्यास सांगितले तर हेडसेट बाजूला ठेवावा लागेल. अशा वेळी शर्टाला अडकवायचा छोटा मायक्रोफोन वापरावा आणि स्पीकरचा आवाज बेताचा ठेवावा.

खोलीची निवडही कानाने करावी. स्लॅबची, गिलावा केलेली, रिकामी खोली दिसायला स्वच्छ असते, पण तीत टाळी वाजवली तर टाळीमागे शेपूट ऐकू येते, आणि तेच शेपूट प्रत्येक शब्दाला लागून समोर जाते. पत्र्याच्या खोलीत पावसाची सर आली की बोलणेच नको. मराठवाड्यातले जुने माळवद मात्र या कामाला निसर्गतःच अनुकूल आहे: दोन-दोन हात रुंद मातीच्या भिंती, वर लाकडी किलचण आणि त्यावर मातीचा थर, बाहेरचा गलका आत येत नाही, आतला शब्द घुमत नाही, आणि मे महिन्यातही पंखा बंद ठेवून अर्धा तास बसता येते. जो गुण आवाजाला तारतो तोच लहरींना मारतो, हे खरे; त्या भिंतींतून मोबाइलची रेंज आणि वायफाय दोन्ही आत पोहोचता पोहोचता मरतात, म्हणून माळवदात बसणाराने केबल आत ओढून घेतलीच पाहिजे. ज्यांच्याकडे माळवद उरले नाही त्यांनी भिंतीला गोधडी टांगावी, जमिनीवर सतरंजी पसरावी. स्टुडिओतले कापडी तक्ते याहून निराळे काही करत नाहीत.

उजेड हा चित्राचा खरा कॅमेरा. साक्षीदाराच्या वर्तनाविषयी न्यायाधीशाला शेरा लिहून ठेवता येतो, ही तरतूद फौजदारी कायद्यात पूर्वापार आहे, आणि ज्याचा चेहराच काळा पडदा झाला आहे त्याच्या वर्तनाविषयी कोणता शेरा लिहावयाचा? खिडकी पाठीमागे असली की कॅमेरा खिडकीवर डोळे दिपवून घेतो आणि माणसाची केवळ आकृती उरते. तीच खिडकी समोर घेतली तर कॅमेरा कितीही साधा असो, कपाळावरची आठीदेखील दिसते. रात्री किंवा ढगाळ दिवशी दिवा लावावा लागतो, आणि तेथे एक गंमत आहे. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे ट्यूब किंवा हलक्या प्रतीचा एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो, ते डोळ्याला दिसत नाही. परंतु कॅमेरा अमेरिकेच्या हिशेबाने ६० आवर्तनांवर लावलेला असला तर चित्रावरून आडवे पट्टे सरकत राहतात, आणि लोक कॅमेरा बिघडला म्हणून दुकानात नेतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडले की पट्टे जातात. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीला यावा म्हणून लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके ठेवावीत. खालून पाहणाऱ्या कॅमेऱ्यात प्रत्येक माणूस उद्दाम आणि छताचा पंखा सर्वांत महत्त्वाचा दिसतो.

खाजगीपणाची अट सामग्रीच्या यादीत का आली, हे येथे उलगडते. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांच्या साक्षीच्या वेळीच साक्षीदाराला कोणी पढवू नये याची तजवीज न्यायालयाने घालून दिली होती, आणि ई-समितीच्या नियमावलीत दूरच्या ठिकाणी एक समन्वयक नेमण्याची योजना आहे. साक्षीदार तुरुंगात असेल तर तुरुंगाधिकारी, रुग्णालयात असेल तर तेथील वैद्यकीय अधिकारी, परदेशात असेल तर भारतीय वकिलातीतला अधिकारी. या समन्वयकाने अर्धा तास आधी हजर राहावे, अनधिकृत माणूस खोलीत शिरू देऊ नये, अनधिकृत ध्वनिमुद्रण होऊ देऊ नये. गावाच्या खोलीत हे सारे सांभाळायचे म्हणजे दाराला आतून कडी हवी, खिडकीला पडदा हवा, आणि बाहेर ‘काय चाललंय बघू’ म्हणणाऱ्या चार जणांना परतवणारा एक खंबीर माणूस हवा. संगणकाचा पडदा मात्र मोठा असावा. साक्षीदाराला आरोपी आणि दोन्ही वकील एकाच वेळी दिसले पाहिजेत, आणि सहा इंचांच्या फोनवर ते चौघे-पाचजण बोटाच्या पेराएवढे होतात. कागद दाखवण्याचे यंत्र परवडत नसेल तर दुसरा फोन एका स्टँडवर पालथा धरून टेबलावर रोखावा; सातबाराचा उतारा आणि त्यावरची सही त्यात स्वच्छ वाचता येते, मात्र त्या फोनचा आवाज बंद ठेवण्यास विसरू नये.

राहता राहिला प्रिंटर, जो अनावश्यक समजून बहुतेक ठिकाणी घेतलाच जात नाही. साक्ष संपल्यावर तिची नोंद दूरच्या ठिकाणी येते. डिजिटल सही नसेल, आणि गावात ती सहसा नसते, तर ती नोंद छापून साक्षीदाराची सही घ्यावी, स्कॅन करून न्यायालयाच्या अधिकृत ईमेलवर पाठवावी आणि मूळ कागद टपालाने रवाना करावा, असा नियमावलीचा मार्ग आहे. प्रिंटर शाईचा घेतला तर महिन्यामहिन्याने एकदा लागणाऱ्या कामात त्याची शाई उन्हाळ्यात तोंडाशीच वाळते आणि ऐनवेळी कोरा कागद बाहेर येतो; लेसर प्रिंटरची भुकटी वाळण्याचा प्रश्न नसतो, म्हणून तोच घ्यावा. तो छापायला लागताना तापण्यासाठी क्षणात शेकडो वॉट ओढतो. त्याचा प्लग यूपीएसमध्ये खोचला तर यूपीएस किंचाळून संगणकासह सगळेच बंद करतो. तेव्हा प्रिंटरला भिंतीवरचा स्वतंत्र सॉकेट द्यावा आणि लाइट आल्यावरच छापावे.